नागपूरच्या आजीचा डिसेंबर

ॲडम्सटाउन, डब्लिन
२७ नोव्हेंबर २०१६

सौ. उर्मिलाताई यांस,

हे पत्र लिहावं लागतं आहे ते मुक्तामुळे. काल जेवताना मी तिला सांगितलं, की मी आता पुण्याला परत जाते, पुढचे तीन महिने नागपूरची आजी. सहा वर्षांची नात. वाटलं होतं, हातातला चमचा तरी खाली ठेवील. ती म्हणाली, "दॅट्स ग्रँड, आजी." आणि लगेच विचारलं, की नागपूरची आजी शुक्रवारच्या टीव्हीच्या कार्यक्रमाआधी पोचेल ना. मी म्हटलं, माझं विमान तर उडू दे. त्यावर तिने मला समजावलं, की डिसेंबर हा नागपूरच्या आजीचाच महिना असतो. असा नियम कोणी केला, ते मला कळलेलं नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. तुमच्याकडे विनयराव कान लावून असतात आणि इथे माझा अनिमेष आणि तुमची यामिनी. म्हणून हे पत्र स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, पोह्यांच्या डब्याखाली ठेवते. (कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे मागे तुम्हीच मला चारचौघांत सुनावलं होतंत.) त्या कपाटात तुमच्यामाझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

मुलं दोघंही नोकरीला जातात. शाळेनंतर मुक्ताला बघायला घरचं माणूस हवं, व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून आपण पाळीपाळीने येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका छताखाली दोघी नकोत हेही मुलांनी शहाणपणाने ठरवलं. तक्रार आहे ती तुम्ही मागे काय ठेवून जाता त्याची.

गेल्या फेब्रुवारीत तुम्ही गेलात, मार्चमध्ये मी आले. मुलगी मार्चमध्ये नाताळची गाणी गुणगुणत होती. संध्याकाळ झाली की पांघरूण घेऊन सोफ्यावर बसायचं, पडदे ओढायचे, हाताशी बिस्किटांचा डबा आणि टीव्हीवर घंटा वाजवणारे हरीण. हे तीन महिने रोज चाललेलं असणार, नाहीतर एवढी सवय लागत नाही. मी सप्टेंबरपासून तिला पाढे, शुभंकरोती आणि दोन ओळी मराठी लिहायला शिकवते. ती सगळं ऐकून घेते आणि इंग्रजीत उत्तर देते. तुम्ही दोन दिवसांत ते सगळं पुसून टाकाल.

त्याहून गंभीर दुसरी गोष्ट. तुम्ही लहानपणी नाताळच्या कार्यक्रमात मुंबई दूरदर्शनवर गायलात, असं तुम्ही तिला सांगितलं आहे. तुमचं माहेर नगरचं. तुमच्या लहानपणी नगरला टीव्ही नव्हता. पुण्यात आमच्या घरी होता आणि तेव्हा एकच केंद्र असल्याने जे लागेल ते सगळं आम्ही बघायचो. मुलांना थापा सांगू नयेत, मोठी झाली की त्या त्यांच्या लक्षात राहतात.

पुढच्या वर्षीचा डिसेंबर मी घेणार आहे. मुलाकडची म्हणून हक्क सांगत नाही. पण हक्क आहे.

शोभना


ॲडम्सटाउन
१२ डिसेंबर २०१६

शोभनाताई,

पत्र मिळालं. पोह्यांच्या डब्याखाली ठेवलंत, म्हणजे मी आल्या आल्या पोहे करणार हे तुम्हाला ठाऊक होतं. एवढं मला ओळखता आणि तरी मला खोटारडी म्हणता, याचं कौतुक वाटलं.

आधी तुमचा एक गैरसमज काढते. 'ग्रँड' म्हणजे इथे नुसतं 'बरं'. बस चुकली तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड. तुम्ही निघालात याचा तिला आनंद झाला नव्हता. तो मला झाला.

आता थापेबद्दल. मी दहा वर्षांची होते, साल एकोणीसशे पंचाहत्तर. वडील नगरला छापखान्यात खिळे जुळवायचे. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत. अर्ध्या मुली ख्रिस्ती, अर्ध्या आमच्यासारख्या, डबा सगळ्यांचा एकत्र. नाताळची मराठी गाणी आम्हा सगळ्यांना पाठ. आमच्या विद्याबाईंनी कुठे कुठे अर्ज केले आणि दूरदर्शनच्या नाताळच्या कार्यक्रमात एक गाणं आमच्या शाळेला मिळालं. एसटीने मुंबईला गेलो. पांढरे झगे चादरींचे, पंख मच्छरदाणीचे. वरळीला त्या मोठ्या खोलीत एवढे दिवे, की डिसेंबरात आम्हाला घाम आला. गाणं झालं, एकेक केळं मिळालं, परत आलो.

चोवीस तारखेला संध्याकाळी ते लागलं. नगरला कोणाकडे टीव्ही? वडिलांनी दादरच्या मामांना पत्र घातलं होतं, शेजाऱ्यांकडे जाऊन जरूर बघा. नेमकी त्यांच्या भागात वीज गेली. सुट्टीनंतर विद्याबाईंनी वर्गात विचारलं, "कोणाच्या कोणी पाहिलं का गं?" एकीनेही हात वर केला नाही. बाईंनासुद्धा बघायला मिळालं नव्हतं. कोणीच पाहिलं नाही, शोभनाताई. आम्ही गायलो आणि ते कुठे गेलं, पत्ताच नाही.

शेजारी ब्रीडा राहते, माझ्याच वयाची. ती सांगते, लहानपणी नाताळात सगळं घर टीव्हीपुढे बसायचं, अजून त्यातलं एखादं गाणं दुकानात लागलं की तिला आईच्या स्वयंपाकघराचा वास येतो. मी तिला म्हटलं, मला तर न बघितलेल्या कार्यक्रमाची आठवण येते. ती इतकी हसली की चहा सांडला. पण नंतर म्हणाली, ते गाणं म्हणून दाखव.

तर मुक्ता आणि मी टीव्ही बघतो ते असं. ती मधल्या मुलांकडे बघते, मी कडेच्या. आणि ते गाणं मी तिला शिकवलं आहे. पाढ्यांना उत्तर इंग्रजीत देत असेल, पण ते गाणं ती मराठीत गाते, अगदी 'ळ'सकट.

डिसेंबर माझा आहे. अनिमेषरावांशी तुम्ही बोलला असाल, मी माझ्या मुलीशी बोलते.

उर्मिला

ता.क. तुम्ही ठेवलेल्या मेतकुटाला कुबट वास येत होता. टाकून दिलं.


पुणे
९ जानेवारी २०१७

सौ. उर्मिलाताई यांस,

तुमचं पत्र पोचलं. मेतकूट ताजं होतं. ते तसंच लागतं.

पुढचा डिसेंबर मला मिळाला आहे. अनिमेषने कळवलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर तुम्ही, डिसेंबर ते फेब्रुवारी मी, मार्चपासून परत तुम्ही. यामिनीने हे मान्य केलं आहे, त्यामुळे तिच्याकडे रडारड करून उपयोग नाही.

कार्यक्रमाबद्दल. मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, त्यातली बरीचशी तक्रारी घेण्यात गेली. माणूस रडतं आहे म्हणून त्याची तक्रार खरी धरायची नाही आणि आपल्याला आवडत नाही म्हणून खोटी धरायची नाही. विचारायचं, आणि मग नोंद करायची. पंख मच्छरदाणीचे होते, हे तुम्ही पहिल्यांदाच लिहिलं आहे. म्हणून विचारते. मुली किती ओळींत उभ्या होत्या? तुम्ही कुठे होता? मागे देखावा कशाचा होता? कोणाच्या पंखांना गाणं चालू असताना काही झालं का?

उत्तरं मुद्द्याला धरून द्यावीत. एसटी, केळी आणि दादरचे मामा नकोत.

उत्तर येईपर्यंत ही गोष्ट मी शाबीत झालेली मानत नाही.

शोभना


ॲडम्सटाउन
२८ नोव्हेंबर २०१७

शोभनाताई,

तुमच्या जानेवारीच्या पत्राला मी दहा महिने उत्तर दिलं नाही. पोस्टात हरवलं असं समजू नका. मुद्दाम दिलं नाही.

पोलीस चौकीत बसवल्यासारखे प्रश्न विचारता. मागे देखावा कशाचा होता! यामिनीच्या लग्नात स्टेजमागे देखावा कशाचा होता ते मी तुम्हाला विचारलं का? तुम्हाला त्या दिवशी चहात साखर कमी पडली ते मात्र नऊ वर्षं ऐकते आहे. मी साक्षीदार आणू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि म्हणूनच तुम्ही ते मागता.

माझी पाळी संपली. उद्या निघते. डिसेंबर तुम्हाला लखलाभ. फक्त एवढं वाचा.

मुक्ताच्या शाळेत १९ डिसेंबरला नाताळचा कार्यक्रम आहे. बाहेरून आलेल्या घरांतल्या मुलांनी आपापल्या भाषेत काहीतरी म्हणायचं आहे. पोलिश आहे, पोर्तुगीज आहे, आणि मराठी मुक्ता. मी शिकवलेल्या गाण्याचं तिसरं कडवं ती एकटी म्हणणार. रोज संध्याकाळी एकदा म्हणून घ्या. धर्म बुडेल असं त्यात काही नाही. त्या कडव्यात गोठ्यातली गाय बोलते:

थंडी भारी, वारा भारी,
बाळा, ये रे माझ्या शेजारी.

तेवढं झाल्यावर तुम्ही टीव्हीवर फडकं टाकून बसलात तरी चालेल.

उर्मिला


ॲडम्सटाउन
१२ डिसेंबर २०१७

सौ. उर्मिलाताई यांस,

पोस्टाला वेळ नाही. कागदावर लिहिते आहे आणि फोटो काढून विनयरावांच्या फोनवर पाठवते. त्यांनी वाचलं तर वाचू दे.

यामिनी तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगेल, त्याआधी माझ्याकडून ऐका.

मुक्ताकडून मी रोज गाणं म्हणून घेत होते. सांगितलं म्हणजे मी करते. परवा गाणं म्हणून झाल्यावर तिने मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे टेली होता ना? मग तू नागपूरच्या आजीला बघितलंस?" हे चक्क मराठीत विचारलं. मी उत्तर दिलं, की मला सांगता येत नाही. तिने विचारलं, मग कोणी बघितलं? मी म्हटलं, कोणीच नाही, असं तीच सांगते. तिने विचारलं, म्हणजे ती टेलीवर होती की नव्हती? मी म्हटलं, ते शाबीत झालेलं नाही.

यातला एक शब्दही खोटा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत बाईंना सांगितलं, की तिला गायचं नाही, कारण ते गाणं लाय आहे, म्हणजे खोटं. बाईंचा यामिनीला फोन आला. यामिनी माझ्याशी बोलत नाही. अनिमेष दोघींशी बोलतो, म्हणजे कोणाशीच धड बोलत नाही. मुक्ता माझ्याशी नीट वागते. हाक मारली की येते, ताटातलं संपवते. गाणं म्हणत नाही आणि टीव्हीही लावत नाही. मी काल स्वतः लावून दिला. ती उठून खोलीत गेली.

हे तुमच्या थापेचं फळ आहे की माझ्या उत्तराचं, याची चर्चा आपण करू नये. वेळ थोडा आहे. तुम्ही तिच्याशी बोलून बघा.

शोभना


नागपूर
१३ डिसेंबर २०१७

शोभनाताई,

विनयनी वाचलं. मला देताना म्हणाले, "आधी पाणी पी."

मी बोलले तिच्याशी. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, तिनेच फोन लावायला सांगितला. नेहमी त्या पडद्यावर तोंड एवढं जवळ आणते की नुसतं नाक दिसतं. काल लांब बसली होती. मला विचारलं, "नागपूरची आजी, वेअर यू नेव्हर ऑन द टेली?" मी म्हटलं, होते ना राणी. ती म्हणाली, "पुण्याची आजी सेज नोबडी सॉ." मी काय सांगणार? ते तर खरंच आहे. मी गप्प बसले आणि मी गप्प बसले हे तिने पाहिलं. मग ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी. आय वोन्ट टेल एनीवन."

माझं गुपित ठेवते म्हणाली. सात वर्षांची पोर. मला सांभाळून घेते.

तुम्ही डिसेंबर घेतलात, मी दिला. खोटारडी म्हणालात, ऐकून घेतलं. पण ती पोर माझ्याकडे जशी बघायची तसं आता बघणार नाही. ती हसेल, पांघरुणात येऊन बसेल, आणि प्रत्येक वेळी मी जे सांगेन त्यावर मनातल्या मनात म्हणेल, असेल बाई. शाबीत झालेलं नाही! पोरीला काय सांगायचं हे कळायला पस्तीस वर्षांची नोकरी पुरली नाही तुम्हाला.

मार्चमध्ये मी येणार नाही. यामिनीला कळवलं आहे. ती रडली. तिने नोकरी सोडायची की मुलीला बाहेर कुठे ठेवायचं, ते तुमच्या घरचे लोक ठरवतील. त्या घरात तुमच्यानंतर आणि तुमच्याआधी राहून मी सारखी खरी-खोटी होत राहणार नाही.

या पत्राला उत्तर नको.

उर्मिला


ॲडम्सटाउन
१८ डिसेंबर २०१७

सौ. उर्मिलाताई यांस,

उत्तर नको म्हणालात. हे उत्तर नाही. ही साक्ष आहे.

जानेवारीत मी चार प्रश्न विचारले होते. तुम्ही त्यांची उत्तरं दिली असतीत तर ही वेळ आली नसती. मच्छरदाणीच्या पंखांचं वाचल्यावर मला एक गोष्ट आठवली होती, पण तुमच्याकडून काही कळण्याआधी मी ती बोलून दाखवली असती तर तुम्ही माझ्या शब्दांवर 'हो, हो' म्हटलं असतंत, आणि त्या साक्षीला अर्थ उरला नसता. आता तुम्ही काही सांगणार नाही हे नक्की झालं. म्हणून मी सांगते.

२४ डिसेंबर १९७५. मी वीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. त्या संध्याकाळी आमच्याकडे साताऱ्याची मंडळी मला बघायला आली होती. मुलगा, त्याची आई, आत्या. मी पोहे दिले. नाव विचारून झालं, कॉलेज विचारून झालं, आणि दादाने टीव्ही लावला. नवीन होता, पाहुण्यांना दाखवायची हौस. आत्याबाई मला म्हणाल्या, "थांब गं जरा," आणि सगळ्यांनी खुर्च्या तिकडे वळवल्या. मी ट्रे घेऊन उभी होते ती तशीच उभी राहिले. बसायला कोणी सांगितलं नाही. मग मीही टीव्हीच बघितला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पांढऱ्या झग्यांतल्या मुली होत्या. दोन ओळी. मागे पुठ्ठ्याचा गोठा आणि गायीचं तोंड, एक शिंग मोडून चिकटवलेलं. पुढच्या ओळीत डाव्या टोकाला एक मुलगी होती. तिचा एक पंख निसटून कोपराशी लोंबत होता. इतर मुली गात होत्या. तीही गात होती. तिसरं कडवं सुरू झालं आणि ती थांबली. एक शब्द गायली नाही. तोंड उघडं, नजर वर छताकडे. ते पूर्ण कडवं. कॅमेरा नेमका तिच्याच बाजूला. मला तिचा भयंकर राग आला होता. एवढ्या लांबून आणून उभं केलं आहे तर गावं.

सातारकरांनी आठवड्याने नकार कळवला. मुलगी शिकलेली आहे, पण तोंड उघडत नाही, असं म्हणाले. म्हणून ती संध्याकाळ माझ्या लक्षात आहे. तुमच्या गाण्यासाठी नाही.

कडव्याचे शब्द मला आठवत नव्हते. तुम्ही कागदावर लिहिलेत तेव्हाही काही वाटलं नाही. इथे मुक्ताने चाल लावून म्हटलं तेव्हा ओळखीचं वाटलं. वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मुलीने विचारलं तेव्हा सांगता येत नाही म्हणाले. ती टोकाची मुलगी तुम्ही होता की दुसरी कोणी, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो कार्यक्रम झाला, त्यात ते गाणं होतं आणि ते पाहणारं माणूस जिवंत आहे, एवढं मी कुठेही सही करून देईन.

आज शाळेतून आल्यावर मुक्ताला समोर बसवून सांगितलं. मी पाहिलं, म्हटलं. गाय सांगितली, मोडकं शिंग सांगितलं, पंख सांगितला. ती हळूहळू जवळ सरकली. शेवटी विचारलं, "आणि नागपूरची आजी? वॉज शी गुड?"

मी म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने तीच गात होती.

हे मी तुमच्यासाठी बोललेले नाही. उद्या कार्यक्रम आहे म्हणून बोलले. खरी गोष्ट तिला कळवायची की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्याकडून कळणार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिने दोनदा गाणं म्हटलं. मी सांगितलं नव्हतं.

शोभना


नागपूर
२० डिसेंबर २०१७

शोभनाताई,

अनिमेषरावांनी व्हिडिओ पाठवला. तिसरं कडवं पूर्ण म्हणाली, शेवटी थोडी घाई केली. ब्रीडा पुढच्या रांगेत बसून डोळे पुसते आहे. तुम्ही मागे कोट घालून उभ्या, जणू बस पकडायची आहे.

डावा पंख. बाईंनी टाचणी लावली होती ती निघाली. मी खांद्याने वर ढकलत होते, पण राहीना.

आणि छताकडे नाही, दिव्याकडे. एक पाकोळी आत शिरली होती. दिव्यावर आपटायची, खाली यायची, परत वर. तिचे पंख जळतील म्हणून मी बघत राहिले आणि गाणं पुढे गेलं. तुम्हाला ती दिसली नसणार, कॅमेरा आमच्यावर होता. बाईंना मी सांगितलं नाही. आईला नाही. विनयना नाही. आत्ता पहिल्या पानाचा फोटो काढताना त्यांनी वाचलं, आणि चष्मा पुसत बसले आहेत.

दहा वर्षांच्या मुलीवर कसल्या रागावता! आणि तेही साताऱ्याच्या लोकांवर रागवायचं सोडून.

मार्चच्या पाळीचं तिकीट काढलं आहे. यामिनीसाठी काढलं. तुमचामाझा सलोखा झाला असं कृपा करून कोणाला सांगू नका, मला खपणार नाही. मुक्ताला पाकोळीचं मी स्वतः सांगेन, ती मोठी झाल्यावर, आणि पांघरुणात बसून.

आणि ते डिसेंबरातच सांगण्यासारखं आहे. बघा काय ते.

उर्मिला


ॲडम्सटाउन
२५ फेब्रुवारी २०१८

ताबा दिल्याची नोंद

देणार: शोभना. घेणार: उर्मिला.

घराची किल्ली, मागच्या दाराची वेगळी, ब्रीडाकडे. मागचं दार उचलून लावावं लागतं.

मुक्ता. ताप नाही, खोकला थोडा, औषध संपलेलं आहे आणि आता लागणारही नाही. खालचा पुढचा दात हलतो आहे. कोणालाही हात लावू देत नाही. पाढे अकरापर्यंत. मराठीत विचारलं तर शाळेत जायच्या आधी मराठीत उत्तर देते, शाळेतून आल्यावर नाही. सक्ती करू नये, मी करून पाहिली.

फ्रिजमध्ये दही, कोथिंबीर निवडून कागदात, कणिक उद्या दुपारपर्यंत टिकेल. यामिनीला सध्या वांगं चालत नाही, वासही नको म्हणते. का, ते तुम्हाला ती सांगेल. मला तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही, पण मला दोन मुलं झालेली आहेत. तशी बातमी असेल तर पुढच्या वर्षी आपल्या पाळ्यांचा नव्याने विचार करावा लागेल. तो मुलांनी करावा. त्यांना मी एकच गोष्ट कळवली आहे, ती खाली आहे.

डिसेंबर २०१८ आणि यापुढचे सर्व डिसेंबर. दिले. परत मागणार नाही.

वरील सर्व तपासून घेऊन सही करावी आणि प्रत माझ्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवावी.

शोभना

*

मुक्ता मिळाली. दात आजच पडला, माझ्या हातात. डिसेंबर मिळाले. कोथिंबीर सडली होती. बाकी बरोबर.

उर्मिला
२७ फेब्रुवारी २०१८